नदीअलीकडची टिप

"मॅडम, तुम्हाला आयुष्यात कधी कुणी टिप दिलीय का?"

मी हे विचारलं तेव्हा मोलीनच्या वाचनालयात सत्तरेक माणसं बसली होती आणि माइक माझ्या हनुवटीला टेकलेला होता. शब्द माझे नव्हते. शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत ब्रिन आणि इट्झेलने पैज लावली होती. शनिवारी आपल्या आमदार ओडेगार्डबाई लोकांना भेटायला येणार आहेत, त्यांना हा प्रश्न तोंडावर, एकही शब्द न बदलता विचारलास, तर आमच्याकडून अख्खा टाको पिझ्झा.

"मोठा," मी म्हणाले.

"मोठा," ब्रिन म्हणाली. "पण आधी 'माफ करा' म्हणायचं नाही. तू प्रत्येक वाक्याआधी माफी मागतेस."

मागायचे. डिसेंबरपर्यंत मी हजेरीलासुद्धा 'माफ करा, हजर' म्हणणारी मुलगी होते. जानेवारीत ह्या दोघींनी मला धरून वादविवादाच्या संघात नेऊन बसवलं. पहिल्या आठवड्यात मी फक्त वेळ मोजायचे, घड्याळ धरून. दुसऱ्या आठवड्यात एक मुलगी आजारी पडली आणि मला उभं केलं. फेब्रुवारीत गेल्सबर्गच्या स्पर्धेत माझ्या तिसऱ्या मुद्द्यानंतर समोरच्या मुलाने पाणी मागितलं. तेव्हापासून मी थांबलेलीच नाही. बाबा म्हणतात, सोळा वर्षांचं साठलेलं आहे, निघू दे.

पण त्या सकाळी वाचनालयात मी नुसती पिझ्झ्यासाठी उभी नव्हते. माझं घर, माझी शाळा, ब्रिन, इट्झेल, सगळं पणाला लागलेलं होतं, आणि ते माझ्या आईने एका फॉर्मवर पेनने लिहिलेल्या एका आकड्यामुळे.

आमचं मोलीन मिसिसिपीच्या अलीकडे, इलिनॉय राज्यात. पलीकडे डॅव्हनपोर्ट, ते आयोवा. मध्ये पूल. आई गेली एकोणीस वर्षं पूल ओलांडून 'गुस्ताव्ह'मध्ये वेट्रेसचं काम करते. बाबा अलीकडेच, खोक्यांच्या कारखान्यात. यंदा रिटर्न भरताना पहिल्यांदाच केंद्र सरकारने टिपेवरचा आयकर सोडला, आणि ओव्हरटाइमवरचाही, म्हणजे दीडपटीतला जो वरचा अर्धा, तेवढ्यावरचा. घरी नुसता आनंद. आईने दोन्ही फॉर्म स्वतः भरले, आधी पेन्सिलने, मग पेनने. केंद्राचा झाला. मग राज्याच्या फॉर्मवर 'इतर वजावटी' अशी एक ओळ असते, तिथे तिने वर्षभराच्या टिपा लिहून टाकल्या. एकोणीस हजार चारशे डॉलर.

मी ते पाहिलं आणि फॉर्म माझ्याकडे ओढला, कारण त्याच आठवड्यात शाळेत डनवे सरांनी हेच शिकवलं होतं. सर म्हणाले, समजा ही बस आहे. केंद्राच्या फॉर्मवरची प्रत्येक ओळ म्हणजे एक थांबा. इलिनॉय अकराव्या थांब्यावर उतरतं आणि तिथला आकडा घेऊन घरी जातं. टिपेची आणि ओव्हरटाइमची सूट वाटतात तेराव्या थांब्यावर. आयोवा पंधराव्यापर्यंत बसून राहतं, म्हणून ती सूट आयोवाच्या पदरात आपोआप पडते. इलिनॉयला ती दिसतसुद्धा नाही.

मी आईला म्हणाले, "ही ओळ खोडावी लागेल."

"का? टिप सोडलीय ना?"

"केंद्राने. आपल्या राज्याने नाही."

"पण माझं काम आपल्या राज्यात नाहीच." आईने पेन खाली ठेवलं. "आयोवातलं हॉटेल, आयोवातली टेबलं, आयोवातली माणसं टिप ठेवतात. आणि डार्ला म्हणाली, आयोवात राज्याचाही कर नाही टिपेला."

"डार्ला तिकडे राहते, आई. जिथे घर, तिथे कर. पगाराचं तसंच आहे ना आपलं?"

"पगाराचं मला शिकवू नकोस. दोन राज्यांचा करार आहे तो, जुना, तुझ्या जन्माआधीचा. हे टिपेचं नवं आहे, वॉशिंग्टनचं. त्या कराराला टिपेचं काय ठाऊक?"

नंतर कळलं की पूल ओलांडून 'गुस्ताव्ह'ला कामाला जाणाऱ्या चौघींनी अगदी हीच चूक केली होती. एकीने फॉर्म पाठवूनही दिला होता. नदीकाठी राहणाऱ्यांनाच सुचू शकते अशी ही चूक आहे. माणूस रोज दोन राज्यांत जगतो, त्यातलं जे सोयीचं ते आपलं धरून चालतो.

आईने नवा फॉर्म काढला. पुन्हा आधी पेन्सिलने, मग पेनने भरला. राज्याकडून जे परत यायचे होते ते तर गेलेच, वर भरायचे निघाले. टिपा आणि बाबांचा ओव्हरटाइम मिळून अकराशे अठरा डॉलरचा फरक. मग तिने ताटलीतला गार झालेला टोस्ट खाल्ला आणि हिल्डाआत्याला फोन लावला.

हिल्डाआत्या म्हणजे बाबांची बहीण, पलीकडे बेटेंडॉर्फला राहते. तिच्या जोडघराचा अर्धा भाग जूनमध्ये रिकामा होणार होता. भाडं आमच्याइतकंच. आत्या गेली सहा वर्षं म्हणत होती, या इकडे, तर बाबा हसण्यावारी न्यायचे. आता आई हसली नाही. आत्या रविवारी सकाळी अकरा वाजता कागद घेऊन येणार आणि आई सही करणार, असं ठरलं.

म्हणजे जूनमध्ये मी पलीकडे. शाळेचं शेवटचं वर्ष एका नव्या इमारतीत, जिथे मला कुणी ओळखत नाही, आणि मला नक्की माहीत होतं की तिथे मी पुन्हा घड्याळ धरणारी मुलगी होणार.

मी आईचा हिशोब तीनदा तपासला. बरोबर होता. तेच तर दुखणं. हिशोबात हरवता येणार नव्हतं, म्हणून मी ठरवलं की राज्यालाच हलवायचं. इलिनॉयने टिपेवरचा कर सोडला, तर आईला नदी ओलांडायचं कारण उरणार नाही. तसं एक विधेयक स्प्रिंगफील्डला, राज्याच्या राजधानीत, पडून होतं, असं इट्झेलने शोधून काढलं. आणि ज्यांच्या हातात ते हलवणं होतं, त्या ओडेगार्डबाई माझ्यासमोर दहा पावलांवर उभ्या होत्या.

त्यांनी चष्मा काढला, मफलरच्या टोकाने पुसला आणि परत घातला.

"हो," त्या म्हणाल्या. "अकरा वर्षं. हायवेवर ट्रकवाल्यांची खानावळ होती, तिथे. एकदा एकाकडे सुटे नव्हते, तर त्याने मला जिवंत कोंबडी दिली."

अख्खं वाचनालय हसलं.

मागून एक आजोबा ओरडले, "तिच्यावर कर भरलात का?"

"अंडी द्यायला लागली असती तर भरला असता." पुन्हा हशा. मग त्या माझ्याकडे वळल्या. "नाव काय तुझं?"

"मारेन."

"मारेन, टिप कुणाला मिळते, तुला?"

"आईला."

"आणि तुझ्या आईच्या ताटल्या कोण धुतं?"

मला वाटलं होतं त्या 'विचार करू' म्हणतील, 'समिती नेमू' म्हणतील. त्यासाठी माझ्याकडे उत्तरं तयार होती. ताटल्यांचं कुणी काढेल असं वाटलं नव्हतं.

"तांती कोसिवा," मी म्हणाले.

"त्यांना किती टिप मिळते?"

मी माइक दुसऱ्या हातात घेतला.

"तुझ्या आईइतकीच कमाई असणाऱ्या बाईकडून पूर्ण कर घ्यायचा, आणि तुझ्या आईचा सोडायचा. हे तू त्या बाईंना समजावून सांग, आणि मग मला येऊन सांग त्या काय म्हणाल्या. शिवाय राज्याच्या तिजोरीत जे भोक पडेल ते तुझ्याच शाळेपाशी येऊन उघडेल. पुढचा प्रश्न?"

कुणीतरी माझ्या हातातून माइक घेतला. पुढचा प्रश्न रस्त्यावरच्या खड्ड्यांचा होता.

मी खुर्चीत बसले तेव्हा माझे कान भाजत होते. ब्रिन कुजबुजली, "विचारलास. पिझ्झा तुझा."

"ती बाई जिंकली," इट्झेल म्हणाली.

"इट्झेल."

"जिंकली तर जिंकली म्हणायचं नाही का? कोंबडीवरच जिंकली होती ती."

आम्ही ब्रिनच्या गाडीतून पूल ओलांडला. पुलाच्या मध्यावर ब्रिनने नेहमीसारखा हॉर्न वाजवला, राज्य बदललं म्हणून. मी त्या दिवशी तिला तो वाजवू नकोस म्हणाले. तिने मग दोनदा वाजवला.

'गुस्ताव्ह'मध्ये शनिवार दुपारची गर्दी होती. आई तीन ताटल्या एका हातावर घेऊन आमच्या शेजारून गेली आणि न थांबता म्हणाली, "सहा नंबरला बसा, आणि ब्रिन, खुर्ची मागे झुकवू नकोस." आईला मी वाचनालयात काय करायला गेले होते ते माहीत नव्हतं. अभ्यासाला जाते असं सांगितलं होतं. वाचनालय तर खरंच होतं.

पिझ्झा आला. आमच्याकडे पिझ्झा कात्रीने उभा चिरतात, पट्ट्या करून, आणि टाको पिझ्झ्यावर कोबीसारखं बारीक चिरलेलं लेट्यूस आणि चिप्सचा चुरा इतका घालतात की खालचं काही दिसत नाही. कात्री घेऊन डार्ला आली. डार्ला आईची मैत्रीण, बारा वर्षं एकाच पाळीत, जीभ तिच्या कात्रीहून जास्त चालते.

"काय गं मारेन, तोंड का असं? इलिनॉयहून येताना पुलावर कर घेतला का?"

"डार्ला, नको," आई शेजारच्या टेबलावरून म्हणाली.

"अगं मी काय म्हणतेय. वीस डॉलर टिप आली की एक डॉलर हिचं राज्य खातं. तेच टेबल, तेच वीस, माझ्या खिशात वीसच्या वीस." डार्लाने कात्री दोनदा हवेत चालवली. "रोझ, मी म्हणते, तू ती टेबलं मला दे. मी तुला एकोणीस देते, तुझी कटकट वाचेल."

आई हसली. टेबलावरच्या लोकांसमोर हसतात तशी. मी ते हसू ओळखते. माझ्या हातातली पट्टी मी परत ठेवली आणि स्वयंपाकघराच्या झुलत्या दारातून मागे गेले.

तांती कोसिवा टोगो देशातून आली आहे. तांती म्हणजे तिच्याकडे मावशी, आणि तिच्याहून लहान कुणी तिला नुसतं कोसिवा म्हटलेलं तिला चालत नाही. मालकही तांती म्हणतो, आणि तो तिच्याहून दोन वर्षांनी मोठा आहे. मी पाच वर्षांची असल्यापासून ह्या मागच्या दारी बसून चित्रं रंगवलेली आहेत. तिने मला बघितलं, एक फडकं माझ्याकडे फेकलं आणि म्हणाली, "आलीस तर पूस."

मी पेले पुसायला लागले. "तांती, एक विचारू? तुला टिप मिळते का?"

"कोण देणार? माणसं ताटलीवर ठेवतात, ती वरच उचलली जाते. माझ्याकडे येते तेव्हा ताटलीवर फक्त सॉस."

"मग केंद्राने टिपेवरचा कर सोडला, राज्यानेही सोडावा, असं कुणी म्हटलं तर तुला राग येईल?"

"तुझ्या आईवर? नाही. तुझ्या आईचे पाय बघितलेस का पाळीनंतर?" तिने नळ बंद केला. "पण एक सांग. तो दुसरा कर सोडला ना, ओव्हरटाइमचा? मला वाटलं होतं, हा तरी माझा. मी आठवड्याला अडुसष्ट तास काम करते."

"मग मिळेल की. चाळिसाच्या वरचे अठ्ठावीस तास ओव्हरटाइम."

"इथे अडतीस तास. मालक अडतिसाव्या तासाला मला घड्याळ दाखवतो, घरी पाठवतो. मग विमानतळाजवळच्या हॉटेलात चादरी धुते, तिथे तीस. इथे चाळीस नाहीत, तिथेही चाळीस नाहीत." तिने ओल्या बोटाने हवेत शून्य काढलं. "अडुसष्ट तास, ओव्हरटाइम काही नाही. चर्चमध्ये एक मुलगी मोफत फॉर्म भरून देते, तिने तीन वेळा बघितलं. म्हणाली, मावशी, तुमच्यासाठी ह्यात काही नाही. ना केंद्राचं, ना राज्याचं."

"तू इकडे आयोवात राहायला आलीस तर?"

"मी मोलीनला राहते, तुमच्याच मागच्या गल्लीत, ते तुला माहीत आहे. इकडे येऊन काय करू? नदी ओलांडायला आधी सूट तर पाहिजे हातात." तिने पुन्हा नळ सोडला. "त्या पेल्याच्या तळाला डाग आहे."

मी डाग घासला. खूप घासला. आमदारबाईंचं म्हणणं खरंच होतं, आणि मला त्याचाच राग येत होता. तांतीचं नाव त्यांना ठाऊकही नव्हतं, माझ्याच तोंडून घेतलं आणि माझ्याच तोंडात कोंबलं. आई काही मागायला गेली की लगेच तांती आठवते. मग तांतीसाठी काय आणलंत, म्हणून कुणी विचारलं त्यांना? मी विचारायला हवं होतं. माइक हातात असताना मी गप्प बसले होते.

आणि तोच डाग घासताना मला दुसरंही दिसलं, जे मला अजिबात बघायचं नव्हतं. मी जे मागायला गेले होते ते मिळालं असतं, तर तांतीच्या हातात काहीच आलं नसतं. मी मागितलं ते स्वतःसाठी, आईच्या नावाखाली. आमदारबाई तांतीच्या मागे लपल्या, मी आईच्या.

टेबलावर परतले तेव्हा अर्धा पिझ्झा संपला होता. मी दोघींना सगळं सांगितलं. इट्झेलने तेल लागलेल्या बोटांनी हिशोब सुरू केला. इट्झेलला हिशोब दिसला की ती जेवण विसरते.

"प्रत्येक माणसाला राज्य आत्ताही थोडी रक्कम सोडतं," ती म्हणाली. "अठ्ठावीसशे पन्नास. कशाचीही कमाई असो. ती वाढवली तर?"

"किती?"

"टिपेसाठी जेवढी सोडायची म्हणतायत तेवढे पैसे सगळ्यांत वाटले तर फार नाही येणार. थोडेच. तुझ्या आईला टिपेच्या सुटीतून जे मिळालं असतं त्याच्या पाव भागही नाही."

"पण तांतीला येतील."

"तांतीला येतील. डनवे सरांनाही येतील," इट्झेल म्हणाली. "ते काही ताटल्या धुत नाहीत."

"सर शनिवारी किराण्याच्या दुकानात पिशव्या भरतात," ब्रिन म्हणाली. "मी बघितलंय. मला बघून कपाटामागे गेले."

मग इट्झेलने फोनवर विधानसभेचं पान उघडलं. त्या विधेयकाची सुनावणी गुरुवारी होती, समितीपुढे. आमच्या राज्यात ही एक भारी गोष्ट आहे: कुणीही साक्षीची चिठ्ठी भरू शकतो. नाव, गाव, विधेयकाच्या बाजूने, विरोधात की कुठलीच बाजू नाही, आणि खाली, लेखी म्हणणं द्यायचं की तोंडी बोलायचं. वयाची ओळच नाही. बहुतेक लोक नुसतं नाव नोंदवून मोकळे होतात.

"बाजूने," ब्रिन म्हणाली. "अर्थातच."

"विरोधात," मी म्हणाले.

ब्रिनने पट्टी ताटलीत ठेवली. "मारेन, तुझी आई वेट्रेस आहे."

"माहितीय."

"हे मंजूर झालं तर तुम्ही मोलीनलाच राहाल. तूच सांगितलंस. ह्यासाठीच तर गेलो आपण."

"तेही माहितीय."

"तिच्याच हॉटेलात बसून, तिने आणलेला पिझ्झा खाऊन, तिच्याविरुद्ध लिहिणार?"

"पिझ्झा तुम्ही दिलाय. आणि मी तिच्याविरुद्ध लिहीत नाहीये. अर्ध्याच लोकांना सोडणाऱ्या विधेयकाविरुद्ध लिहितेय. सगळ्यांना द्या, मग मीच पहिली बाजूने उभी राहते." मी फोन ओढून घेतला. दोन खुणा केल्या. विरोधात. तोंडी.

"तोंडी म्हणजे स्प्रिंगफील्डला जावं लागेल," इट्झेल म्हणाली. "गुरुवारी रसायनशास्त्राची परीक्षा आहे."

ब्रिनने पट्टी पुन्हा उचलली. मग तिने उसासा टाकला. "माझे आजोबा जातात गुरुवारी. निवृत्त कामगारांची बस असते, दर मार्चला. मागच्या सीटवर एकाचा गुडघा बदललाय, तो येत नाहीये. पण सांगते, जाताना तीन तास पोल्का नाचाची गाणी लावतात."

"चालेल."

"तुला ऐकायचंच नाहीये ना कुणाचं?"

"दोन महिन्यांपूर्वी तुम्हीच तक्रार करत होतात, ही बोलत नाही म्हणून."

रविवारी सकाळी बाबांनी वॅफल केले. आमच्या बाबांच्या घराण्यात रविवारी दुसरं काही करत नाहीत, पणजोबा बेल्जियमहून येताना जो लोखंडी साचा घेऊन आले तो अजून चालतो. आई टेबलावर बसली होती, पाय दुसऱ्या खुर्चीवर. शेजारी तिचं चांगलं पेन काढून ठेवलेलं. दहा वाजून वीस मिनिटं झाली होती. आत्या अकराला येणार होती, आणि आमची आत्या पाच मिनिटं आधीच येते.

मी सगळं सांगितलं. वाचनालय, कोंबडी, तांतीचे अडुसष्ट तास, चिठ्ठी. कुठल्या रकान्यात खूण केली तेही.

बाबा साच्याजवळच उभे राहिले. एक वॅफल जळला तरी हलले नाहीत.

आई पेनाचं टोपण काढत आणि लावत होती. "विरोधात," ती म्हणाली.

"हो."

"मला वाटलं तू त्यांना सांगशील, माझ्या आईला तिचे पैसे तिच्यापाशी ठेवू द्या." तिचा आवाज चढला नाही. "एकोणीस वर्षं मारेन. टेबल पुसायचं, बशीखालचे पैसे काढायचे, लिहून ठेवायचे, दाखवायचे. मी कधी लपवले नाहीत. डार्ला लपवायची, पूर्वी. मी नाही. आणि पहिल्यांदा वरून कुणीतरी म्हटलं, रोझ, हे तुझे. मग पुलावर आले, तर म्हणे नाही, तुझे नाहीत, तू चुकीच्या काठाला झोपतेस. मला ते अकराशे डॉलर हवेत, नको कशाला म्हणू. पण त्याहून जास्त मला हे हवंय की डार्लाच्या शेजारी उभी राहिले की तिच्याइतकंच घरी न्यावं. एवढंच मागितलं होतं. आणि माझीच पोरगी तिकडे जाऊन म्हणणार, देऊ नका."

"मी म्हणणार, तांतीलाही द्या."

"ते लोक नुसतं 'देऊ नका' ऐकतील. चिठ्ठीवर तेच लिहिलंयस."

  तिचं बरोबर असू शकतं. तिथे माझी दोन मिनिटं होतील, ओडेगार्डबाई मान डोलावतील आणि कागदावर विरोधात एक असा आकडा लागेल, बस्स.

"रोझ," बाबा म्हणाले, "पोरीला बोलू दे पूर्ण."

"बोललीच की. ही आता थांबतच नाही," आई म्हणाली, आणि तिच्या तोंडाचा एक कोपरा किंचित वर गेला, तिच्या मनाविरुद्ध. मग तो खाली आला. "कर्ट, हिल्डा येईल. ताटल्या आवर."

बाबांनी जळका वॅफल काढून सिंकमध्ये टाकला आणि माझ्याकडे बघितलं. त्यांना नदी ओलांडायची नव्हती हे मला ठाऊक होतं, आणि ते आईला तसं कधी म्हणणार नाहीत हेही. ह्या घरात म्हणणारी आता मीच होते.

मी उभी राहिले. वादविवादाच्या संघात शिकवतात, हात मागे बांधू नका. मी टेबलावर ठेवले.

"आई, तू आत्याच्या कागदावर सही कर. मी ते पेन लपवणार नाही आणि रडणार नाही. तुझा हिशोब बरोबर आहे, आणि डार्लाइतकंच घरी न्यायचा तुला हक्क आहे. बाबा, तुम्हीही जा तिच्याबरोबर. पण मी जाणार नाही. काल संध्याकाळी मी इट्झेलच्या आजीशी बोलले. त्यांच्याकडची वरची खोली रिकामी आहे, आणि शाळेचा जो काही कागद असतो त्यावर पालक म्हणून सही करायला त्या तयार आहेत, तुम्ही हो म्हणालात तर, आणि नाही म्हणालात तर मी रोज विचारणार. फुकट राहणार नाही. 'गुस्ताव्ह'च्या मालकाला आज सकाळीच फोन केला, शनिवार-रविवार मागे तांतीच्या शेजारी काम करेन, पुढे टेबलांवर नाही. गुरुवारी मी शाळा बुडवून स्प्रिंगफील्डला जाणार आहे, आणि तिथे तुझं नाव घेणार आहे, तुझी एकोणीस वर्षंही सांगणार आहे, तुला आवडो न आवडो. आणि जूनमध्ये तुम्ही सामान बांधाल तेव्हा माझी खोकी अलीकडेच राहतील. मी मोलीन सोडत नाही."